मतकरींनी मालिका लिहिल्या नसत्या, तर आणखी एक 'आरण्यक' मिळालं असतं का?

तिसरी घंटा

आमच्या नाट्यवाचन गटात रत्नाकर मतकरींचं 'आरण्यक' वाचून झालं आणि नंतरच्या चहाला वाद पेटला. गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "हा माणूस तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर या नाटककारांच्या बरोबरीने घ्यावा असा होता. पण बालनाट्य, गूढकथा, व्यावसायिक नाटक, टीव्ही, सगळीकडे हात घातला आणि पसरला. मालिकांमध्ये घातलेली वर्षं नाटकाला दिली असती, तर आणखी एक 'आरण्यक' हाती लागलं असतं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही. तिथे बोलायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर मांडते.

ज्यांना त्यांचं फक्त 'अलबत्त्या गलबत्त्या' हे बालनाट्य माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मतकरींचा जन्म १९३८ चा, मुंबईतला. एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र घेऊन पदवी, मग बँक ऑफ इंडियात वीसेक वर्षं नोकरी. १९७८ मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखन आणि रंगभूमी. पहिली एकांकिका 'वेडी माणसं', १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झालेली. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात! १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी त्यांचं 'मधुमंजिरी' हे बालनाट्य केलं, १९६२ पासून मतकरींची स्वतःची 'बालनाट्य' संस्था उभी राहिली आणि ती त्यांनी पदरमोड करून तीस वर्षं चालवली. मोठ्यांच्या नाटकांसाठी 'सूत्रधार' ही संस्था. मग 'आरण्यक', 'लोककथा ७८', 'दुभंग', 'माझं काय चुकलं?', 'घर तिघांचं हवं', 'चार दिवस प्रेमाचे', 'इंदिरा'. टीव्हीवर 'गहिरे पाणी', 'अश्वमेध', 'बेरीज वजाबाकी'. 'खेकडा'पासून सुरू झालेले गूढकथांचे संग्रह वेगळेच. स्वतःच्या कथेवरचा 'इन्व्हेस्टमेंट' हा चित्रपट सत्तरी उलटून गेल्यावर दिग्दर्शित केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मे २०२० मध्ये कोरोनाने गेले.

आता मुद्द्यावर येते. "पसरले" म्हणणारे फक्त माध्यमं मोजतात. विषय मोजा. 'आरण्यक'मध्ये युद्ध संपलंय, मुलं मेलीत आणि म्हातारी माणसं वनात जाताना एकमेकांचा हिशेब मांडताहेत. धृतराष्ट्राला सगळं कळत होतं. तरी मुलाच्या मायेपायी त्याने काहीच केलं नाही. 'इन्व्हेस्टमेंट'मध्ये बारा वर्षांच्या मुलाच्या हातून भयंकर गुन्हा घडतो आणि शिकलेसवरलेले, मोठ्या पगाराचे आईबाप त्याला वाचवायला कंबर कसतात, कारण त्यांनी त्या मुलावर सगळं लावलंय. हा धृतराष्ट्रच की! एक मुक्तछंदात बोलतो, दुसरा मुंबईच्या फ्लॅटमध्ये. मधल्या चाळीस वर्षांत मतकरी याच माणसाच्या मागे होते. चांगल्या घरातला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस वाईटाला कसा हातभार लावतो आणि स्वतःची समजूत कशी घालतो, हा त्यांचा विषय. त्यांच्या चांगल्या गूढकथांमध्येही भुतापेक्षा घरच्याच माणसाची भीती वाटते. हा विषय ज्या माध्यमातून लोकांपर्यंत नेता येईल तिथून त्यांनी तो नेला. ही एका लेखकाची एकसंध कारकीर्द आहे आणि तिचे तुकडे आपण केलेत.

मालिका लिहिण्यात वेळ गेला, हे मला मान्यच नाही. ती त्यांच्या नाटककारपणाचीच एक बाजू होती.

---

कृष्णाकाठ

ताई, धागा चांगला आहे, पण मी तुमच्या गटातल्या ज्येष्ठांच्या बाजूने. कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे.

१९७४ हे वर्ष घ्या. त्या एका वर्षात मराठीला 'आरण्यक' मिळालं आणि आळेकरांचं 'महानिर्वाण'ही मिळालं. दोन वर्षं आधी तेंडुलकरांची 'घाशीराम कोतवाल' आणि 'सखाराम बाइंडर'. म्हणजे मतकरी त्या घडीला अगदी पहिल्या ओळीत उभे होते. आज आधुनिक मराठी नाटक शिकवायचं म्हटलं की आळेकर आपोआप येतात. मतकरींचं नाव मला मुद्दाम घ्यावं लागतं. हे समीक्षकांचं कारस्थान आहे, असं मला वाटत नाही. आळेकर त्यांच्या शैलीत खोल खोल जात राहिले. एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'चं घर धरलं आणि तीन नाटकं त्याच घरात राहिले. मतकरींनी 'आरण्यक'नंतर त्या मुक्तछंदाचं काय केलं? संवादाची एवढी ताकदवान लय सापडली होती. ती पुढे नेणारं मोठ्या आवाक्याचं दुसरं नाटक दाखवा.

विषय एकच होता म्हणता. असेल. पण विषय हाताशी असणं आणि तो दरवेळी आधीपेक्षा खोल नेणं, यात फरक आहे. गूढकथेत शेवटच्या ओळीत धक्का द्यायचा असतो. तो धक्का बसला की वाचक पुस्तक मिटून झोपतो. 'आरण्यक' वाचून झोप लागत नाही. धक्क्याची सवय लागलेल्या लेखकाला थांबून राहणं जड जातं, आणि नंतरच्या काही नाटकांत मला हे जाणवतं. 'जावई माझा भला', 'चार दिवस प्रेमाचे' ही प्रयोगाला छानच आहेत, मीही हसलोय. पण ती लिहायला मतकरीच हवे होते का? ती नाटकं लिहू शकणारे आणखी पाच-सहा जण तेव्हा होते. 'आरण्यक' लिहू शकणारे तेच एक होते.

आणि १९७८ विसरू नका. बँकेचा पगार होता तोवर नाटक कुणाला आवडेल याची फिकीर नव्हती. नोकरी सुटली आणि घर लेखणीवर आलं. प्रायोगिक नाटकाचे प्रयोग बोटावर मोजण्याइतके होतात, त्यात लेखकाचं मानधन ते किती! मग व्यावसायिक नाटक आणि टीव्ही आलाच. यात मी त्यांना जराही दोष देत नाही. पण नुकसान झालं ते झालं, ते नाकारू नये.

---

विंगेतून

मी मालिकांसाठी संवाद लिहितो, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

कृष्णाकाठ सर "टीव्ही" म्हणताहेत, तो आजचा टीव्ही डोळ्यांपुढे ठेवून. आज डेली मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ट्रॅक चॅनेल ठरवतं, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की फिरवतं. सीन सकाळी सेटवर व्हॉट्सॲपने येतात, शाईसुद्धा वाळलेली नसते म्हणावं तर शाईच नसते. त्या कामात नाटककार अडकला तर वाया जाईल, हे मी पहिला सांगेन. पण मतकरींचं 'गहिरे पाणी' म्हणजे एका भागात एक पूर्ण गोष्ट. ते डेली लिहिण्यासारखं नाही, ते एकांकिका लिहिण्यासारखं आहे.

पुन्हा बघाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. वीस-बावीस मिनिटांत घर, त्यातली माणसं, त्यांच्यातला जुना सल, सगळं उभं करायचं असतं. पहिल्या दोन सीनमध्ये प्रेक्षकाला कळायला हवं की या घरात काहीतरी बिनसलंय, पण काय ते कळता कामा नये. एखादी बाई चहाचा कप ठेवते, नवरा वर न बघता "ठेव" म्हणतो. एवढ्यात लग्न किती जुनं आहे आणि किती विटलंय ते कळलं पाहिजे. ही सफाई एकांकिकेतून येते. त्याहीआधी रेडिओतून येते. रेडिओवर चेहरा नाही, प्रकाश नाही, नुसता आवाज आणि मधली शांतता. पोरवयात ज्याने रेडिओसाठी लिहिलं, त्याला न दाखवता घाबरवायचं कसं हे टीव्हीने शिकवलेलं नाही. तो ते घेऊनच टीव्हीवर आला. आमच्यासारख्यांनी त्याच्याकडून शिकायचं.

सर, एक प्रश्न. तेंडुलकरांनी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा', 'निशांत', 'आक्रोश', 'अर्धसत्य' हे चित्रपट लिहिले. टीव्हीसाठी 'स्वयंसिद्धा' लिहिली. वर्तमानपत्रातही भरपूर लिहिलं. त्यांना कुणी "पसरले" म्हणत नाही. मग हा नियम मतकरींनाच का?

---

कृष्णाकाठ

@विंगेतून, तेंडुलकरांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा नाही. तेंडुलकरांच्या पटकथा घेणारे दिग्दर्शक कोण होते बघा: बेनेगल, निहलानी, जब्बार पटेल. माध्यम बदललं तरी समोरचा माणूस तितक्याच ताकदीचा होता, तो लेखकाला खाली येऊ देत नव्हता. मतकरींना टीव्हीवर असं कोण भेटलं? बरेचदा लेखकही तेच, दिग्दर्शकही तेच, रंगभूमीवर तर नेपथ्यही तेच. चित्रकाराचा हात होता, त्यामुळे ते साधायचं, हे खरं. पण लेखकाला "हा प्रवेश पुन्हा लिही" असं तोंडावर सांगणारा दिग्दर्शक लागतो. मतकरींकडे तो फारसा नव्हता, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली खरी उणीव ही आहे. मालिका हा त्यातला लहान भाग.

एकांकिका आणि एपिसोडचं नातं तुम्ही नीट उलगडलंत. हे मला नवीन होतं.

---

माजघर

मी दोघांच्याही विरोधात. :)

मूळ धाग्यात गृहीतच धरलंय की मतकरींवर अन्याय झाला. कुणी केला? संगीत नाटक अकादमी पुरस्कार २००३ मध्ये मिळाला. 'अलबत्त्या गलबत्त्या' २०१८ मध्ये वैभव मांगलेंना चेटकीण करून पुन्हा आलं आणि तिकीट मिळेना. मी माझ्या भाचरांना घेऊन गेले होते. चिंची चेटकीण आली तशी पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आजीच्या पदरात शिरली आणि तिथूनच ओरडून चेटकिणीशी भांडत होती. जुन्या संचात ही चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे. आजी, आई, नात अशा तीन पिढ्यांनी एकच चेटकीण बघितली. मराठीतल्या किती 'श्रेष्ठ' नाटककारांच्या वाट्याला हे आलं?

तुम्ही मंडळी अभ्यासक्रम आणि समीक्षाग्रंथ बघून लेखकाची उंची ठरवता. मला 'आरण्यक' थोर आणि 'अलबत्त्या' फावल्या वेळातलं, ही उतरंडच मान्य नाही. २०१८ मध्ये साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्याचा पुरस्कार दिला तेव्हाही "मोठ्यांच्या लेखनासाठी मिळायला हवा होता" असा सूर ऐकला होता. का? मुलांसाठी लिहिणं म्हणजे डावं काम?

---

तिसरी घंटा

@माजघर, उतरंडीबद्दल शंभर टक्के सहमत आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. मात्र "अन्याय झालाच नाही" हे पटत नाही. लोकांचं प्रेम मिळालं, ते 'गूढकथावाले' आणि 'चेटकीणवाले' मतकरींना. 'लोककथा ७८' ची आठवण किती जणांना आहे? गावातल्या सवर्णांनी दलितांवर केलेला अत्याचार लोकनाट्याच्या अंगाने, जवळजवळ उघड्या रंगमंचावर त्यांनी उभा केला. १९७८ साली! आजही अत्याचाराच्या बातम्या येतात तेव्हा आपण इतर चार नाटकांची नावं घेतो, हे नाव येत नाही. भीतिकथा लिहिणाऱ्या माणसाने हे लिहिलंय हे लोकांच्या डोक्यात बसत नाही, आणि मी ज्याला अन्याय म्हणते तो हाच.

@कृष्णाकाठ, १९७८ बद्दल. तुमच्या हिशेबाप्रमाणे नोकरी सोडल्यावर लेखन बाजाराकडे वळायला हवं. पण 'लोककथा ७८' नेमकं त्याच सुमाराचं आहे, आणि 'घर तिघांचं हवं' घ्या. ताराबाई मोडकांच्या आयुष्यावर, म्हणजे बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या बाईच्या संसारावरचं नाटक. यात गल्ला भरायची कसली हमी? व्यावसायिक रंगभूमीवर राहून असा विषय लावून धरणं मला प्रायोगिक नाटकापेक्षा अवघड वाटतं. प्रायोगिकच्या प्रेक्षकाला आधीच पटलेलं असतं. इथे पटवायला लागतं.

---

पिंपळपार

ठाण्याहून लिहितोय. वर सगळं नाटक, टीव्ही, समीक्षा यांवर चाललंय. एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

पंचाहत्तरी गाठल्यावर, २०१४ मध्ये, मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर. वस्त्यांमधल्या पोरापोरींनी स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटिका बसवायच्या आणि स्वतःच करायच्या. तयार संहिता द्यायची नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. मतकरींनी चार नाटिका लिहून दिल्या असत्या तर तासाभराचं काम होतं. पण त्यांचा आग्रह असा की विषय पोरांनी आणायचा: पाण्याची रांग, दारू पिणारा बाप, शाळा सुटलेली बहीण. मी तिथे खुर्च्या मांडण्यापासून सगळी कामं केलीत. एका नाटिकेत पाण्याच्या रांगेतलं भांडण होतं, आणि ते करणाऱ्या मुली सकाळी खरोखरच त्या रांगेत उभ्या राहून आलेल्या. संवाद पाठ केल्यासारखे येतच नव्हते, हंडा कमरेवर घेतला की आपसूक यायचे. नाटक जाणणाऱ्या माणसाने तिथे शिकवायला न बसता बघायला बसणं, हे मी फार कमी जणांत पाहिलंय.

सर, तुम्ही विचारलंत, 'आरण्यक'ची लय पुढे कुठे नेली? याचं उत्तर माझ्याकडे नाही, मी त्यातला जाणकार नाही. पण तो माणूस नर्मदेच्या आंदोलनाच्या पाठीशी उभा राहिला, वस्त्यांमध्ये आला. हाही नाटककाराच्या कारकिर्दीचाच भाग धरणार की समाजकार्य म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकणार?

---

कृष्णाकाठ

@पिंपळपार, वेगळ्या कप्प्यात अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं आणि हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

तरीही मूळ प्रश्नावर मी जागचा हललेलो नाही, आणि आता एक नवं कारण आहे. ताई म्हणतात मालिका ही नाटककारपणाचीच बाजू. ठीक. मग ती कुठे आहे? 'आरण्यक' छापलेलं आहे. ४४ वर्षांनी, २०१८ मध्ये, ते पुन्हा उभं राहिलं. रवी पटवर्धन पुन्हा धृतराष्ट्र, प्रभावळकर पुन्हा विदुर, मतकरींच्या पत्नी प्रतिभा मतकरी पुन्हा गांधारी. तरुणपणी रंग लावून म्हातारे झालेले नट आता खरोखर त्या वयाचे होऊन तीच वाक्यं बोलत होते. मी सांगलीहून रात्रभर प्रवास करून तो प्रयोग बघितला. पटवर्धन ऐंशी ओलांडलेले. आवाज तसाच खणखणीत, फक्त दोन वाक्यांमधलं अंतर वाढलेलं, आणि त्या अंतरानेच धृतराष्ट्राला वेगळा अर्थ आला. संहिता होती म्हणून हे शक्य झालं. मालिकेच्या एखाद्या भागाचं असं पुनरुज्जीवन होईल? त्याच्या पटकथा छापल्यात? एखाद्या विद्यार्थ्याला "मतकरींचं टीव्हीलेखन" हा विषय दिला तर त्याने काय वाचायचं? लेखकाची वर्षं मोजकी असतात. जे टिकणार नाही त्यात ती घातली, तर त्याची किंमत कुणीतरी मोजतं. इथे मराठी नाटकाने मोजली.

---

विंगेतून

सर, टिकलं नाही हा लेखकाचा दोष कसा? तो जपणाऱ्यांचा दोष. टेपवर दुसरं काही चढवलं, पटकथेची झेरॉक्स सेटवर पडून राहिली, असं आमच्या धंद्यात सर्रास होतं. आणि जे टिकत नाही ते कमअस्सल, असं म्हटलं तर नाटकाचा प्रयोगही रात्री पडदा पडला की संपतोच. तुम्ही रात्रभर प्रवास करून गेलात ते पुस्तक घरी होतं तरी!

---

माजघर

विंगेतून, हे बरोबर बोललात. पण सरांचा मुद्दाही सोडून देऊ नका. पटकथा छापायला कुणीतरी मागणी करायला हवी की नाही? 'माझे रंगप्रयोग'सारखा जाडजूड ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला म्हणून रंगभूमीवरचं सगळं आज आपल्याला कळतं. टीव्हीबद्दल तेवढ्या तपशिलात कुणी लिहिलंय?

---

तिसरी घंटा

कृष्णाकाठ सर, पटवर्धनांच्या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल लिहिलंत ते पुन्हा पुन्हा वाचलं. तो प्रयोग माझा हुकला.

"किंमत मराठी नाटकाने मोजली" हे मात्र मी मान्य करणार नाही. तुम्ही असं गृहीत धरता की लेखकाकडे ठरावीक साठा असतो, इकडे वापरला की तिकडे उणा पडतो. मतकरींच्या बाबतीत उलटं दिसतं. 'इन्व्हेस्टमेंट' आधी कथा होती, मग चित्रपट झाला. कथेत आवळून बसवलेली आजी चित्रपटात सुलभा देशपांड्यांना मिळाली आणि घरातला शेवटचा सदसद्विवेक तिच्या चेहऱ्यावर उतरला. एका माध्यमातलं काम दुसऱ्याला पुरवत होतं. बँकेतल्या वीस वर्षांबद्दल कुणी म्हणत नाही की ती वाया गेली, आणखी एक नाटक झालं असतं. मग टीव्हीच्या वर्षांबद्दलच का म्हणायचं?

तुमच्याकडून एकच गोष्ट घेते: अडवणारा दिग्दर्शक मिळाला नाही ही उणीव. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

विंगेतून, तुमच्या ओळखीत त्या काळात मतकरींच्या मालिकांवर काम केलेलं कुणी असेल, संकलक, सहायक, नट, कुणीही, तर त्यांच्याकडे पटकथांच्या प्रती आहेत का विचाराल? मी टंकून द्यायला तयार आहे.

---

विंगेतून

दोघे आहेत, एक संकलक आणि एक वेशभूषेतल्या बाई. रविवारी फोन करतो आणि इथेच लिहितो.

---

कृष्णाकाठ

मिळाल्या तर मलाही पाठवा. विद्यार्थी मी देतो. मत बदलेल असं वाटत नाही, पण वाचून मगच बोलेन.